दुपारी तीन ते सकाळी दहा : ओकु-निक्कोच्या तळ्याकाठचा ओन्सेन मुक्काम

आई-बाबा पहिल्यांदा टोकियोला आले तेव्हा त्यांना डोंगरातल्या ओन्सेनला, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या हॉटेलात, न्यायचं मी मोठ्या हौसेनं ठरवलं आणि आपला नेहमीचा सहलीचा हिशोब लावला. दिवसभर फिरायचं, रात्री आठला हॉटेल गाठायचं, पाठ टेकायची, सकाळी सातला पुन्हा बाहेर. पोचलो तेव्हा जेवणघर बंद व्हायला आलं होतं, वाढणाऱ्या बाई ताटकळल्या होत्या. बाबांनी गार झालेला मासा मुकाट्यानं संपवला. खोलीत आल्यावर आईनं विचारलं, "एवढे पैसे नेमके कशाचे दिलेस गं?"

प्रश्न रास्त होता. ते पैसे दुपारी तीन ते सकाळी दहा या एकोणीस तासांचे असतात, आणि त्यातले पाच मी बसस्टॉपवर घालवले होते. जपानमधलं ओन्सेन हॉटेल म्हणजे फिरून दमल्यावर झोपायची जागा नव्हे. तिथं राहणं हाच कार्यक्रम, बाकी फिरणं तोंडी लावण्यापुरतं. एवढं डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे. त्यानंतर दोन्हीकडच्या पाहुण्यांना घेऊन मी या डोंगरात बरेचदा गेले, त्यातून जमलेली ही वाटखूण.

आधी तळं निवडा

जपानमध्ये तळ्याकाठची ओन्सेन पुष्कळ आहेत. टोकियोहून जाणाऱ्याला मी ओकु-निक्को सुचवते. ओकु म्हणजे आतलं, खोलवरचं. निक्को गावातली तोशोगूची सोनेरी देवळं सगळे बघतात, त्यांच्या वरच्या डोंगरात दोन तळी आहेत आणि दोन्हींच्या काठी गरम पाण्याची हॉटेलं आहेत.

पहिलं चुझेंजी. समुद्रसपाटीपासून १,२६९ मीटरवर. नान्ताई नावाच्या ज्वालामुखीच्या लाव्ह्यानं सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी दरी अडवली आणि मागे पाणी साठलं. काठाची लांबी २५ किलोमीटर, सर्वाधिक खोली १६३ मीटर. या तळ्याचं पाणी ९७ मीटरच्या केगोन धबधब्यातून खाली कोसळतं. मोठं, मोकळं, देखणं तळं आहे. शोदो नावाच्या बौद्ध भिक्षूनं ७८२ साली नान्ताई डोंगर सर केला आणि ७८४ मध्ये इथं देऊळ उभारलं, ते चुझेंजी. या नावातला 'झेन' म्हणजे आपल्या 'ध्यान' शब्दाचंच चीनमार्गे जपानला पोचलेलं रूप. देवळात सहस्रभुज अवलोकितेश्वराची जवळजवळ सहा मीटर उंच लाकडी मूर्ती आहे. उभ्या झाडातच ती कोरली, अशी परंपरा सांगते.

दुसरं युनोको, म्हणजे शब्दशः 'गरम पाण्याचं तळं'. ते आणखी वर, सुमारे १,४७८ मीटरवर आहे. हे चिमुकलं आहे, तासाभरात सहज प्रदक्षिणा होते. त्याच्या एका टोकाला युमोतो ओन्सेन ही वस्ती, दुसऱ्या टोकाला पाणी युदाकी धबधबा होऊन उतरतं. तळ्याच्या ज्या कडेला गरम पाणी मिसळतं तिथं कडक थंडीतही बर्फ धरत नाही आणि बदकं नेमकी तिथंच जमतात.

दोन्हींत निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा : पाण्याचा उगम युमोतोत आहे. चुझेंजी काठच्या हॉटेलांना गंधकाचं पाणी येतं ते युमोतोहूनच, दहा-बारा किलोमीटर नळानं. त्यात वाईट काही नाही, पण नुसत्या पाण्यासाठी जात असाल तर वर जा. नजारा, बोट, धबधबा आणि बरोबरची वृद्ध माणसं यांचा विचार असेल तर चुझेंजी. माझं मत विचाराल तर युमोतो. तिथं संध्याकाळी पाचनंतर करण्यासारखं काहीही नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

युमोतोचा झरा ७८८ साली त्याच शोदोला सापडला असं मानतात. १९५४ मध्ये जपान सरकारनं आरोग्यासाठी राष्ट्रीय दर्जाची म्हणून जी पहिली तीन ओन्सेन जाहीर केली, त्यांत सुकायु आणि शिमा यांच्याबरोबर युमोतोचं नाव होतं. वस्तीच्या मागे एक पाणथळ जागा आहे, तिच्यात लहान लहान छपरांच्या लाकडी खोपी दिसतात. प्रत्येक खोपीखाली एकेक झरा आहे. वास सांगायलाच नको. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांवर गेलेल्या माणसाला तो ओळखीचा वाटेल, पण इथं बराच उग्र असतो. जमिनीतून येताना पाणी नितळ असतं, हवा लागली की त्यातल्या गंधकाचे बारीक कण तयार होतात आणि ते ताकासारखं पांढुरकं होतं.

कधी जायचं

ऑगस्टात टोकियो भट्टीसारखं तापलेलं असताना इथं सरासरी तापमान १९ अंशांच्या आसपास असतं. जानेवारीत सरासरी उणे ४, रात्री त्याहून बरंच खाली. पानांचे रंग वरून खाली उतरत येतात : युमोतो आणि त्याच्या खालचा सेन्जोगाहारा हा पाणथळ माळ ऑक्टोबरच्या सुरुवातीला, चुझेंजी महिन्याच्या मध्यानंतर, निक्को गाव नोव्हेंबरात. याच दिवसांत घाटात एवढी कोंडी होते की पाऊण तासाच्या रस्त्याला तीन तास लागू शकतात. रंगांसाठी जायचंच असेल तर सोमवार ते गुरुवार जा आणि सकाळची पहिली बस धरा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मेअखेर, जून किंवा सप्टेंबर सांगेन. जूनमध्ये पाऊस असतो, पण पावसात उघड्यावरच्या गरम पाण्यात बसण्याची मजा कोकणी माणसाला वेगळी सांगायला नको.

हिवाळाही सुंदरच, फक्त बूट नीट हवेत. युमोतोच्या पुढचा कोनसेई खिंडीतला रस्ता डिसेंबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत बंद असतो, त्यामुळे पलीकडे गुन्माला उतरायचा बेत हिवाळ्यात करू नका.

बुकिंग करताना काय वाचायचं

दर खोलीचा नसून माणशी असतो. इथंच आपली पहिली फसगत होते. दोन माणसांचा दर बघून 'खोली स्वस्त आहे' म्हणू नका, तो आकडा एकाचा आहे का ते तपासा. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून जो दर असतो त्याला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात, एक रात्र दोन जेवणं. मध्यम हॉटेलात माणशी १५ ते ३० हजार येन धरून चाला, शनिवारी आणि रंगांच्या दिवसांत जास्त. शिवाय स्नानकर असतो, साधारण डोई १५० येन. 'सुदोमारी' म्हणजे नुसतं राहणं, जेवण नाही. ते स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका. संध्याकाळनंतर युमोतोत बाहेर काही उघडं मिळेल या भरवशावर राहाल तर बिस्किटांवर रात्र काढावी लागेल.

खोली 'वाशित्सु' म्हणजे ततामीची (गवती चटयांची), जमिनीवर गादी. गुडघ्यांचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर खाटांची किंवा मिश्र खोली मागा. मिश्र खोलीत खाटाही असतात आणि ततामीही.

स्नानाचे तीन प्रकार असतात. 'दाइयोकुजो' म्हणजे सामायिक मोठं स्नानगृह, बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं. 'रोतेनबुरो' म्हणजे उघड्यावरचं कुंड, बहुधा त्याला जोडूनच असतं, तेही वेगवेगळं. आणि 'काशिकिरी' म्हणजे पाऊण-एक तासासाठी फक्त तुमच्या कुटुंबाला मिळणारं. परक्यांसमोर विवस्त्र होणं जमणार नाही अशी खात्री असेल तर काशिकिरी आहे का, ते बुकिंगआधीच विचारा. तिथं गेल्यावर संध्याकाळच्या वेळा बहुतेक संपलेल्या असतात. खोलीलाच स्वतंत्र कुंड असलेल्या खोल्याही असतात, पण दर भलताच वाढतो. पाण्याबद्दल 'गेन्सेन काकेनागाशी' असे शब्द दिसले तर समजा, झऱ्याचं पाणी सतत येऊन वाहून जातं, तेच तेच फिरवलेलं नाही.

गोंदणाचा प्रश्न आपल्याकडे वाटतो त्याहून जवळचा आहे. बऱ्याच सामायिक स्नानगृहांत टॅटूला मज्जाव असतो. त्याचं मूळ गुंडांच्या टोळ्यांशी असलेल्या संबंधात आहे. पण नियम लिहिणाऱ्याला तुमच्या आजीच्या हातावरचं हिरवं गोंदण कुठून माहीत असणार? लग्नाच्या ताज्या मेंदीकडेही कुणी चमकून बघू शकतं. आधी लिहून विचारा. छोटं असेल तर त्वचेच्या रंगाची चिकटपट्टी चालते का ते सांगतात, नाहीतर काशिकिरी आहेच.

शाकाहाराची चिठ्ठी

या बाबतीत मी सगळ्यात जास्त चुका केल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जपानी हॉटेलचं जेवण महिनाभर आधी ठरलेल्या क्रमानं येतं. दहा-बारा लहान पदार्थ, प्रत्येकाची ताटली वेगळी. आयत्या वेळी 'मी मासे खात नाही' म्हटलं तर स्वयंपाकघर अडचणीत येतं आणि तुमच्यापुढे भात, लोणचं आणि ओशाळलेला चेहरा येतो. बुकिंग करतानाच, म्हणजे निदान आठवडाभर आधी, लिहा.

नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून भागत नाही. भाज्या ज्या रसात शिजतात तो 'दाशी' बहुधा कात्सुओबुशीचा असतो, म्हणजे सुकवलेल्या माशाच्या कीसाचा. मिसो सूप, सोबा नूडलचा रस, उकडलेली पालेभाजी, सगळीकडे तो असतो. दिसत मात्र कुठेच नाही. म्हणून असं लिहा, आणि फोनमधल्या अनुवादकाकडून जपानी करून घ्या : "आमच्यापैकी एक जण मांस, मासे, कोळंबी-शिंपले खात नाही. माशाची दाशीही चालत नाही. कोम्बु (समुद्री शेवाळ) किंवा शिइताके (अळिंबी) यांची दाशी चालते. अंडी आणि दूध चालतं (किंवा चालत नाही). हे जमेल का? जमत नसेल तर तसं कळवा, आम्ही समजू शकतो." शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर समोरचा माणूस 'नाही' म्हणायला संकोचतो आणि गोल गोल उत्तर देतो. 'थोडं अवघड आहे' असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ 'नाही' असाच घ्या आणि दुसरं हॉटेल बघा.

कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तसं लिहा आणि 'नेगी' हा शब्दही कळवा, कांद्याची पात इथं सगळ्यावर भुरभुरतात. 'शोजिन र्‍योरी' मिळतं का तेही विचारा, हे बौद्ध मठांचं शाकाहारी जेवण. निक्कोचा या बाबतीत एक मोठा गुण आहे : युबा. सोयाबीनचं दूध तापवलं की वर साय धरते, ती उचलून केलेला हा पदार्थ इथली खासियत आहे. गुंडाळून, तळून, शिजवून, अनेक तऱ्हांनी देतात. आईला तो आवडला. फक्त तो ज्या रसात शिजवला त्याची चौकशी तिनं मलाच करायला लावली, आणि बरोबरच केलं.

मांसमच्छी खाणाऱ्यांना काही प्रश्न नाही. भाजलेला ट्राउट येतो तो चक्क आवडतो.

बरोबर काय न्यावं? मेतकूट. न्याहारीला गरम, चिकट, मऊ भात हवा तेवढा मिळतो आणि त्यावर मेतकूट असं बसतं की जणू त्यासाठीच केलं आहे. जेवणघरात आपला डबा काढण्याआधी मात्र विचारा. खोलीत किटली असते, पण खोलीत काही शिजवायचा विचारही नको. बुफे असलेल्या हॉटेलांत, ज्याला इथं 'बायकिंगु' म्हणतात, निवड जास्त असते, तरी रसाचा प्रश्न तोच.

जायचं कसं, सामानाचं काय

टोकियोच्या असाकुसाहून तोबु कंपनीची एक्सप्रेस तोबु-निक्कोला पावणेदोन-दोन तासांत पोचते. जेआर पास (पर्यटकांचा रेल्वेपास) असेल तर शिन्कान्सेननं उत्सुनोमियापर्यंत सुमारे ५० मिनिटं, तिथून निक्को लाइननं पाऊण तास. दोन्ही स्टेशनं जवळजवळ आहेत आणि दोन्हींसमोरून वरची बस मिळते. चुझेंजीपर्यंत पाऊण ते एक तास, युमोतोपर्यंत सव्वा ते दीड तास. तळी बघायला उतरत-चढत जाणार असाल तर बसचा एक-दोन दिवसांचा पास बहुधा स्वस्त पडतो, स्टेशनवरच विचारा.

बसमध्ये मोठ्या सुटकेसी नेऊ नका. जपानची 'ताक्क्युबिन' सेवा सुटकेस एका हॉटेलातून दुसऱ्याला साधारण दुसऱ्या दिवशी पोचवते. मोठं सामान टोकियोतून थेट पुढच्या मुक्कामी धाडा आणि एका रात्रीची पिशवी घेऊन डोंगरात या. पिशवीत फार काही लागत नाही. टॉवेल, साबण, शाम्पू, कंगवा, घालायला युकाता (सुती झगा), सगळं तिथं असतं. एक स्वेटर, मोजे (ततामीवर चपला चालत नाहीत, भोकं नसलेले मोजे आणा), रोजची औषधं, थोडी रोख रक्कम आणि पासपोर्ट. पासपोर्टची प्रत हॉटेलवाले काढून घेतात, परदेशी पाहुण्यांसाठी तो नियम आहे.

वर जाणारा घाट म्हणजे इरोहाझाका. चढायचा आणि उतरायचा रस्ता वेगळा, दोन्ही एकदिशा. चढताना २० वळणं, उतरताना २८. एकूण ४८ वळणांना जुन्या जपानी मुळाक्षरांची नावं दिली आहेत, प्रत्येक वळणावर पाटी. जणू कुणी कशेडी घाटाच्या वळणांवर क, ख, ग लावून ठेवावेत. गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं आणि आवळासुपारी तोंडात ठेवावी. घाटात माकडं दिसतील. त्यांना खायला घालायला निक्कोत बंदी आहे.

आमचा आता ठरलेला क्रम असा : असाकुसाहून नऊच्या सुमाराची गाडी, अकराला निक्को, स्टेशनजवळ युबाचं हलकं जेवण, साडेबाराची बस, केगोन धबधब्यापाशी तासभर, पुढची बस, साडेतीनला हॉटेल. तोशोगू त्याच दिवशी उरकायचा मोह टाळा. त्याला अर्धा दिवस लागतो, तो परतीच्या दिवशी.

दारात

पायरीपाशी बूट काढा. आपल्याला हे सांगावं लागत नाही, पण पुढचं लागतं : कॉरिडॉरसाठी सपाता देतात, त्या खोलीतल्या ततामीपाशी काढायच्या, आणि संडासात वेगळ्या सपाता असतात, त्या तिथंच सोडायच्या. संडासातल्या सपाता घालून जेवणघरात येणारा पाहुणा दर हॉटेलात एक तरी असतो.

रात्रीच्या जेवणाची वेळ इथंच विचारतात. बहुधा सहा किंवा साडेसहा. एकदा सांगितली की ती पाळायची. वाटेत उशीर होतोय असं दिसलं तर फोन करा.

खोलीत चहा आणि गोड वडी ठेवलेली असते. ती नुसती शोभेची नाही. रिकाम्या पोटी गरम पाण्यात बसलं की चक्कर येऊ शकते, म्हणून आधी चहा, वडी, मग स्नान.

युकाता नेसताना डावी बाजू उजवीवर. उलटं करू नका. उजवी बाजू वर घेऊन फक्त मृताला नेसवतात. बाबांनी उलटं नेसलं तेव्हा कॉरिडॉरमधल्या एका आजींनी हसत, न बोलता त्यांचा पदर बदलून दिला. युकाता घालूनच जेवायला जायचं, तळ्यापर्यंत चक्करही चालते.

स्नान, क्रमाक्रमानं

एक. दागिने खोलीतल्या तिजोरीत. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, नुसत्या वाफेनंही. आईची जोडवी पहिल्याच संध्याकाळी कोळशासारखी झाली. मंगळसूत्राच्या सोन्यातही तांबं असतं, तेही झाकोळतं. 'कधी काढत नाही' म्हणणाऱ्या आईला मी दुसऱ्या वेळी आधीच सांगितलं आणि तिनं कुरकुरत काढली. टिकलीही काढा, ती पाण्यावर तरंगते आणि लोक बिचकतात.

दोन. स्नानगृहाच्या दारावरचा पडदा नीट बघा. निळा बहुधा पुरुषांचा, लाल बायकांचा. पण रंगावर विसंबू नका, त्यावरचं अक्षर बघा. पुरुषाच्या अक्षरात वरती शेताच्या चार वाफ्यांसारखा चौकोन असतो, बाईच्या अक्षरात नसतो. बऱ्याच हॉटेलांत रात्रीतून दोन्ही बाजू बदलतात, म्हणजे सगळ्यांना दोन्ही कुंडं मिळावीत. बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीनं कालच्याच दारात शिरत होते.

तीन. कपडे टोपलीत. सगळे. पोहण्याचा पोशाख चालत नाही, मोठा टॉवेल गुंडाळूनही नाही. एक छोटा पंचा बरोबर न्यायचा. संकोच वाटणार, पहिली दोन मिनिटं वाटतोच. मग लक्षात येतं की कुणीही तुमच्याकडे बघत नाहीये. आईनं सांगितलेलं वाक्य मला आवडतं : "सगळ्याच तशा म्हटल्यावर कोण कुणाला बघणार." मोबाइल मात्र कपडे बदलायच्या खोलीतही बाहेर काढू नका, फोटोचा संशय फार वाईट.

चार. आधी अंघोळ, मग कुंड. हे सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे कुंडात उतरतात तेच स्वच्छ व्हायला, इथं स्वच्छ होऊन उतरतात. भिंतीशी बुटके नळ, बुटकं स्टूल आणि घमेलं असतं. पाट, बादली, तांब्या म्हणा. बसून अंगाला साबण लावा, डोकं धुवा, फेसाचा कणही ठेवू नका. उभ्यानं शॉवर घेऊ नका, शेजाऱ्यावर शिंतोडे जातात. डोक्याला खोबरेल तेल चोपडलेलं असेल तर दोनदा शाम्पू. लांब केस वर बांधा.

पाच. कुंडाशी बसून घमेल्यानं पायांपासून वर अंगावर गरम पाणी घ्या. अंगाला ताप कळतो. मग सावकाश उतरा. पाणी ४० ते ४२ अंश असतं, पहिल्यांदा जास्तच वाटतं. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर किंवा काठावर ठेवायचा. पोहायचं नाही, डोकं बुडवायचं नाही. हे पाणी डोळ्यांत गेलं तर झोंबतं.

सहा. पहिल्या वेळी पाच मिनिटं पुरेत. बाहेर या, काठावर बसा, पुन्हा उतरा. एका वेळी एकूण दहा-पंधरा मिनिटं आणि दिवसातून दोन-तीन वेळा, याहून जास्त नको. हौसेनं पाच-पाच वेळा बसणारे दुसऱ्या दिवशी लोळागोळा होतात. खिडक्या उघड्या दिसल्या तर थंडी वाजते म्हणून लावू नका, गंधकाचा वायू बाहेर जायला त्या ठेवलेल्या असतात.

सात. निघताना पंच्यानं अंग टिपूनच कपडे बदलायच्या खोलीत या. एरवी ओन्सेनचं पाणी अंगावर तसंच राहू द्या म्हणतात. पण हे गंधकाचं आहे, नाजूक किंवा कोरडी त्वचा असेल तर साध्या पाण्यानं विसळा. मग पाणी प्या, भरपूर.

रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. जेवल्याबरोबर किंवा साके प्यायल्यावर उतरू नये. पाळी चालू असताना सामायिक कुंड टाळायचं असतं. लंगोट लावणाऱ्या बाळांनाही तिथं नेत नाहीत, त्यांच्यासाठी काशिकिरी.

जेवण आणि रात्र

सहा वाजता जेवण ऐकून आपले लोक हसतात. पण स्नानानंतर साडेपाचलाच अशी कडकडून भूक लागते की हसू थांबतं. पदार्थ हळूहळू येतात, भात, सूप आणि लोणचं सगळ्यात शेवटी. भात आधी मागितला तर देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. टीप द्यायची नसते. टेबलावर ठेवलीत तर पैसे विसरले म्हणून मागे धावत येतील.

तुम्ही जेवत असताना कुणीतरी खोलीत येऊन गाद्या घालून जातं. म्हणून किमती वस्तू आणि आतले कपडे पसरून जाऊ नका. जेवल्यावर तासाभरानं, नऊच्या सुमारास, दुसरं स्नान. त्या वेळी उघड्यावरच्या कुंडात गर्दी नसते. युमोतोत दिवे इतके कमी आहेत की ढग नसले तर आभाळ भरून दिसतं. नंतर बाहेर फिरायचं असेल तर वस्तीतच राहा, या डोंगरांत काळी अस्वलं आहेत.

सकाळ

सकाळी साडेपाचला उठून आधी तळ्यावर जा, मग स्नान. उलट केलं तर तळं राहून जातं, कारण गरम पाण्यातून निघून कुणालाच थंडीत जावंसं वाटत नाही. वारा नसतो, युनोकोवर वाफेचा पातळ थर असतो, मासेमारीच्या हंगामात काठानं गळ टाकलेली माणसं एकमेकांशी न बोलता उभी असतात. न्याहारी साडेसात-आठला. दहापर्यंत खोली सोडायची. साडेनऊला आवरायला घेतलं तर धावपळ होते.

सामान काउंटरवर ठेवून देतात. चालता येत असेल तर युमोतोहून युदाकी धबधब्याच्या कडेनं उतरून सेन्जोगाहाराच्या पाणथळ माळातून र्‍युझु धबधब्यापर्यंत जा. बराचसा लाकडी फळ्यांचा मार्ग, रमतगमत तीन तास, जवळजवळ सगळी उतरण. हा सगळा टापू २००५ पासून रामसार पाणथळ जागांच्या यादीत आहे. पिशवीला घंटा बांधा, अस्वलांसाठी. पण मग सामान घ्यायला पुन्हा वर यावं लागतं, म्हणून पिशवी हलकी असेल तर पाठीवरच घ्या आणि र्‍युझुहून बस धरा.

चालायचं नसेल तर चुझेंजीच्या काठी ब्रिटिश वकिलातीचा जुना बंगला बघा. अर्नेस्ट सॅटो या मुत्सद्द्यानं १८९६ मध्ये बांधलेला, २०१६ पासून सगळ्यांसाठी खुला. टोकियोच्या उन्हाळ्याला कंटाळलेले गोरे साहेब इथं तळ्याकाठी येऊन राहत. माथेरान-महाबळेश्वरच्या बंगल्यांची आठवण येईल असा व्हरांडा आहे, वरच्या मजल्यावर चहा मिळतो. याच डोंगरात १८७२ पर्यंत बायकांना यायला बंदी होती, हे तिथं चहा पिताना आईला सांगितलं. तिनं फक्त "हं" म्हटलं आणि दुसरा कप मागवला.

परत आल्यावर कपडे इतरांपासून वेगळे धुवा, वास दोन धुण्यांत जातो. आणि चांदी काळी पडलीच तर घासत बसू नका. वाडग्यात आतून अ‍ॅल्युमिनियमचा कागद लावा, त्यावर दागिना टेकेल असा ठेवा, चमचाभर खायचा सोडा घाला, वरून कढत पाणी ओता. पाच-दहा मिनिटांत काळं निघून जातं. खडे किंवा मोती बसवलेल्या दागिन्यांना हे करू नका. आईची जोडवी साधी होती, ती पहिल्याच खेपेला पांढरी झाली.